जेलच्या टेबलावर नवीन लिपिकासाठी: आधी वॉरंट वाचा

जेलच्या ऑफिसात नवीन लिपिक म्हणून रुजू झालात की आधी वॉरंट, म्हणजे माणसाला आत ठेवण्याचा कोर्टाचा लेखी आदेश, वाचायला शिका. माझं घर सांगलीत, आणि सगळी नोकरी याच टेबलावर गेली. तेव्हा माझ्या मुलीला सांगावं तसं सांगते.

बंदी, म्हणजे कैदी, आत आला की वॉरंटवरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्ट आणि पुढची तारीख बघा. शिक्का आणि सही आहे ना, तेही बघा. मग समोरच्या माणसाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावा. आपल्याकडे एकाच नावाचे दोन कांबळे, दोन पाटील एकाच बराकीत निघतात. त्यामुळे अंगावरची ओळखखूण नीट लिहा. ‘डाव्या हातावर जखम’ एवढ्याने भागत नाही. जखम कोपराच्या वर आहे की खाली, केवढी आहे, तेही हवं. उर्फ नावं सोडू नका.

१८९४ च्या कारागृह कायद्याने जी रजिस्टरं ठेवायला सांगितली, त्यात बंदी कधी सुटणार याचं वेगळं पुस्तक आहे. माझा जीव सगळ्यात जास्त त्या पुस्तकात.

तारीख अशी काढा. समजा २ एप्रिल २०२५ ला एक वर्षाची शिक्षा लागली आणि त्याच दिवशी माणूस आत आला. वर्ष भरतं १ एप्रिल २०२६ ला. निकालाआधी तो ४ दिवस पीसीआरमध्ये (पोलीस कोठडीत) आणि ३६ दिवस एमसीआरमध्ये (न्यायालयीन कोठडीत) होता. हे दिवस शिक्षेतच धरतात, म्हणजे ४० दिवस वजा. तारीख येते २० फेब्रुवारी २०२६. मिळालेली माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, त्यातून आणखी वजा होते.

पीसीआरचे दिवस पोलीस कोठडीतले, म्हणून ते धरायचे नाहीत असं नवख्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच वर्षी मी फक्त एमसीआर धरला आणि एक माणूस चार दिवस जास्त आत राहिला. त्याची आई गेटवर आली होती. तिने कॅलेंडरवर फुल्या मारून दिवस मोजले होते, आणि तिचा हिशोब बरोबर होता. ते चार दिवस मला कुठूनही परत आणता आले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक तारीख मी दोनदा काढली, दुसऱ्यांदा वहीतली आधीची नोंद झाकून.

दंडाचंही तसंच. दंड न भरल्याबद्दलची कैद चालू असताना घरच्यांनी थोडी रक्कम भरली, तर तेवढ्या प्रमाणात ती कैद कमी होते. पावती आली की त्याच दिवशी तारीख बदला.

कच्च्या कैद्यांची, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही त्यांची, यादी दर आठवड्याला चाळा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, की अधीक्षकांनी लगेच कोर्टाला लेखी अर्ज करायचा असतो. इतरांसाठी ही मुदत निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही. अर्ज अधीक्षकांच्या सहीने जातो, पण दिवस भरलेत हे त्यांना तुम्हीच सांगायचं. ज्याला वकील नाही, त्याचं नाव जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा.

सुटकेचा आदेश आला की घाई करू नका आणि ताटकळतही ठेवू नका. आदेशातला केस नंबर वॉरंटशी जुळवा. दुसऱ्या केसचं वॉरंट किंवा पीटी वॉरंट (बंद्याला दुसऱ्या केसमध्ये कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश) बाकी आहे का, ते फाइलमध्ये आणि ई-प्रिझन्स या जेलच्या संगणक प्रणालीवर, दोन्हीकडे बघा. आदेशात नावाची वेलांटी चुकली असेल, तर ‘उद्या या’ म्हणू नका. कोर्टात फोन लावा. नातेवाईक जत, आटपाडीसारख्या लांबच्या गावांहून आलेले असतात.

रजिस्टरं खालच्या फळीवर नकोत. २००५, २०१९, २०२१ ला कृष्णेचं पाणी आपल्या सांगलीत शिरलंय.

शेवटी झडतीत जमा केलेले पैसे आणि वस्तू सुटणाऱ्या बंद्यासमोर मोजा, मग सही घ्या. पुष्कळांना वाचता येत नाही. त्यांना नोंद मोठ्याने वाचून दाखवा, आणि गावाकडची एसटी किती वाजता आहे तेही सांगा.