लिव्हरची बायोप्सी: सुईच्या आधी आणि सुईनंतर

आमच्याकडे कुणाला लिव्हरची बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं, सांगितली की घरात पहिला प्रश्न एकच येतो, "कॅन्सर हाय काय?" माझ्या वेळी आत्याने तर देव पाण्यात घातले होते. कारण मात्र एवढंच होतं की रक्तातलं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढतं ते एन्झाइम) सहा महिने खाली यायला तयार नव्हतं, आणि का वाढलंय ते ना रक्ततपासणीत सापडत होतं ना सोनोग्राफीत.

गाठीतला तुकडा काढायचा असेल तर कॅन्सरची शंका असू शकते, हे खरं. पण पुष्कळदा बायोप्सी वेगळ्याच कारणासाठी असते. चरबीमुळे लिव्हरला सूज आलीय का, शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटलीय का, एखाद्या औषधाने इजा केलीय का, आणि आत व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा कडक भाग, किती धरलाय, हे त्यातून बघतात. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, "यातून नेमकं काय कळणार आणि त्यावरून माझं औषध बदलणार काय?" फायब्रोस्कॅनने भागेल का, तेही विचारा. त्यात सुई नसते आणि लिव्हर किती कडक झालंय ते कळतं. कशामुळे झालंय ते मात्र कळत नाही.

तुकडा तरी केवढा? शेवईच्या मोडक्या काडीएवढा, दीड-दोन सेंटिमीटर लांब. लिव्हर असतं दीड किलोच्या आसपास आणि हा तुकडा त्याचा साधारण ५०,०००वा भाग. "लिव्हर कापून घेतात" असं गावात कुणी सांगितलं तर त्याला शेवई दाखवा.

गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या

माझी पहिली फेरी फुकट गेली ती इथंच. पहाटे उठून खानापूरहून उपाशीपोटी बेळगावला पोचलो, कपडे बदलून कॉटवर आडवा झालो, आणि नर्सने विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू हाय काय?" चालू होती. बीपीच्या गोळीबरोबर रोज रात्री घेत होतो, आदल्या रात्रीही घेतली होती. तारीख देताना त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तारीख आठवडाभर पुढे ढकलली. दवाखान्याचा राग आला, पण पिशवी माझीच होती.

तेव्हा घरात जे जे पोटात जातं ते सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधं. गुडघेदुखीच्या, कंबरदुखीच्या गोळ्या. लसणाच्या नाहीतर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. यातली काही औषधं काही दिवस आधी थांबवावी लागतात. पण आपल्या मनाने थांबवू नका. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने शेजाऱ्याचं ऐकून गोळी बंद केली तर बायोप्सीपेक्षा मोठं संकट ओढवतं. किती दिवस आणि कोणती, हे बायोप्सी करणारे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी काय करायचं, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

आणि काढे. हे सांगायला माणसं लाजतात, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. कावीळ उतरवणाऱ्याकडून आणलेली मुळी, मुळव्याधीचं चूर्ण, अंगणातली गुळवेल, सगळं सांगा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळत होती. त्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, तो वाद वेगळा. आपल्यापुरतं एवढंच की काढ्याची गोष्ट लपवली तर भिंगाखाली तुकडा बघणारा डॉक्टर अर्ध्या माहितीवर निदान करतो.

दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नव्हतं, हिरड्यांतून येतं, लगेच काळेनिळे डाग पडतात, असं काही असेल तर तेही बोला. रक्ताच्या तपासण्या होतातच: प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे आयएनआर. प्लेटलेट्स फार कमी असतील, आयएनआर वाढलेला असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर बरगड्यांमधून सुई घालत नाहीत. मानेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन आतून तुकडा घेतात. नाव ऐकून घाबरायला होतं, पण रक्तस्राव झालाच तर तो पोटात न होता शिरेतच राहावा, म्हणून ही वाट.

कागद, पैसे, सोबत

बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या काउंटरवर आधीच विचारा. खासगी दवाखान्यात जायचं तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागू शकते. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे. निपाणीकडची माणसं तशीही कोल्हापूर-मिरजेला जातात, त्यांनी तिथे चौकशी करावी. आधारवर, रेशनकार्डावर आणि जुन्या रिपोर्टवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते घरीच बघा. आपल्याकडे कन्नडातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत जाताना आडनावाची काय दशा होते ते सांगायला नको.

संमतीपत्र बहुधा कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतं. "इथं सही करा" म्हटलं की लगेच पेन धरू नका. मराठीत समजावून मागा. बेळगावच्या दवाखान्यांत मराठी बोलणारं कुणीतरी सापडतंच. धोका किती, हे त्यात लिहिलेलं असतं: थोडं दुखणं पुष्कळांना होतं, उपचार करावे लागतील असा रक्तस्राव ५०० ते १,००० जणांत एखाद्याला, आणि मृत्यू साधारण १०,००० मध्ये एक.

सोबत एक धडधाकट माणूस हवाच. किती तास उपाशी राहायचं ते दवाखाना सांगेल, बहुधा चार ते सहा तास. काही ठिकाणी सकाळी हलकं खायला देतात, म्हणून सांगितलंय तेच करा. संकष्टी आहे म्हणून आदल्या दिवसापासून कडक उपास नको.

प्रत्यक्ष सुई

उताणं झोपवतात, उजवा हात डोक्यामागे. सोनोग्राफीने जागा बघून उजव्या बरगड्यांच्या खालच्या फटीत पेनाने खूण करतात. भुलीचं इंजेक्शन चुणचुणतं. पूर्ण भूल देत नाहीत, कारण तुम्ही श्वास धरून ठेवायचा असतो. श्वासाबरोबर लिव्हर खाली-वर सरकतं. सुई आत असताना ते सरकलं तर फाटायची भीती.

इथे भाषेची एक गंमत. घाईत डॉक्टर कन्नडातच बोलतात. "उसिरु हिडिरी" म्हणजे श्वास धरा, "उसिरु बिडरी" म्हणजे सोडा, "अलुगाडबेड्री" म्हणजे हलू नका. खानापूर-चंदगडकडच्या ज्यांचं कन्नड कच्चं आहे त्यांनी हे तीन शब्द पाठ करून जावं. आणि आधी दोन-तीनदा सराव करून घ्यायला सांगा. श्वास सोडून मग धरायचा असतो, भरून नाही. माझं पहिल्यांदा उलटंच झालं.

मग स्टेपलरसारखा खट्ट आवाज येतो. आवाजाने दचकू नका. सुई आत असते एक-दोन सेकंद. पोटात कुणी कोपर मारल्यासारखं वाटतं, खांद्यापर्यंत कळ जाते. तुकडा अपुरा असेल तर दुसऱ्यांदा टोचतात. टाके पडत नाहीत, चिकटपट्टी लावतात.

खरी परीक्षा पुढचे सहा तास

सुईपेक्षा मला हे जड गेलं. पहिले दोनेक तास उजव्या कुशीवर झोपवून ठेवतात, म्हणजे लिव्हर बरगड्यांवर दाबलं जाऊन भोक बंद राहतं. एकूण चार ते सहा तास पलंगावरच. लघवीलाही उठायचं नाही, भांडं मागायचं. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी बीपी आणि नाडी बघतात, मग अंतर वाढतं. नर्स सारखी येते म्हणून वैतागू नका. आत रक्त झिरपत असेल तर ते आधी नाडीत आणि बीपीत दिसतं.

उजवा खांदा दुखेल. बायोप्सी पोटात आणि दुखतो खांदा, म्हणून आमच्या वॉर्डातल्या एका काकांनी हार्ट अटॅक आला म्हणून कालवा केला होता. लिव्हरच्या वरच्या पडद्याची नस आणि खांद्याची नस मणक्यात जवळजवळ एकाच जागी पोचतात, म्हणून मेंदू फसतो. तरी नर्सला सांगा. पोटदुखी वाढत गेली, गरगरलं, घाम फुटला, धाप लागली तर तर लगेचच सांगा.

संध्याकाळी सोडतात. लांबचं गाव असेल तर त्या रात्री बेळगावातच, शहापूर-अनगोळात कुणा पाहुण्याकडे राहा. बाईकवरून खड्ड्यातून जायचं नाही, स्वतः गाडी चालवायची नाही. आठवडाभर भाताचं पोतं, उसाची मोळी, पाण्याची घागर यांना हात नको. दुखलं तर डॉक्टरांनी लिहिलेली गोळीच, दुकानातली दुसरी नाही. रक्त कधीकधी आठवड्यानेही येतं. काळी डांबरासारखी शौचाला, ताप, डोळे पिवळे, चक्कर, यांपैकी काही दिसलं तर सरळ इमर्जन्सीत. आणि पाहुणे बघायला येताना कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) आणतील. लिव्हरला चरबी असेल तर डबा घरच्यांनाच उघडू द्या.

तुकडा कुठे जातो

काही लहान दवाखान्यांत तुकड्याची बाटली नातेवाइकाच्या हातात देऊन लॅबला पाठवतात. तशी वेळ आली तर बाटलीवर नाव आणि नंबर आहे का बघा, झाकण उघडू नका (आत फॉर्मलिन असतं), फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि सोबतची चिठ्ठी पूर्ण भरलेली असू द्या. रिपोर्ट बहुधा आठवड्यात येतो, खास रंग लावून बघायचा असेल तर उशीर होतो. पुढे पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायचं झालं तर पुन्हा सुई टोचायची गरज पडेलच असं नाही. मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेल्या असतात, त्या लेखी मागता येतात.

रिपोर्टमध्ये एफ ० ते एफ ४ असा आकडा दिसला तर तो व्रणाचा. शून्य म्हणजे व्रण नाही, चार म्हणजे सिरॉसिस, सगळं लिव्हर व्रणाने कडक झालेलं. माझा आला एफ २. आत्याला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "दोन म्हंजे पास काय नापास?"