मीटरची वही : शाळेतील मुलांकडून गावात वीजबचत कशी पोहोचवावी

वीजबचतीचा उपक्रम म्हटला, की बहुतेक शाळांत घोषवाक्यांची स्पर्धा होते, १४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाला प्रभातफेरी निघते आणि रंगवलेली भित्तिपत्रके पुढच्या कार्यक्रमापर्यंत भिंतीवर राहतात. या गोष्टींना माझा विरोध नाही. पण त्या सर्वांत शेवटी याव्यात, असे मला ठामपणे वाटते. ज्या मुलीने आपल्या घरचे मीटर महिनाभर स्वतः वाचले आहे, तिने सांगितलेली एक संख्या वडीलधारी माणसे थांबून ऐकतात, कारण ती त्यांच्याच घरची आणि त्यांच्याच पैशाची असते. पुढील मांडणी सातवी ते नववीच्या वर्गांसाठी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली, तर प्रजासत्ताक दिनापर्यंत ती नीट पूर्ण होते.

पहिल्याच दिवशी एक नियम मुलांकडून वहीत लिहून घ्यावा : मीटर केवळ डोळ्यांनी वाचायचे. पेटी उघडायची नाही, वायरला किंवा मेन स्विचला हात लावायचा नाही आणि घरातील बटणे चालू-बंद करून पाहायची असतील, तर मोठ्या माणसाला सोबत घ्यायचे. पालकांनाही हे एका चिठ्ठीने कळवावे.

त्यानंतर युनिट समजावून द्यावे. १,००० वॉटचे उपकरण तासभर चालले, की १ युनिट वीज खर्च होते. एवढ्याच विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा सुमारे १११ तास चालतो, तर २,००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात ती संपवतो. चंद्रपूर, कोराडी किंवा परळी यांसारख्या औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. तेवढ्याच वजनाचा दगड तराजूत तोलून मुलांच्या हातात दिला, तर फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा तो अधिक काळ लक्षात राहतो.

या उपक्रमाचा गाभा मात्र मीटरवरील लुकलुकणाऱ्या लाल दिव्यात आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या दर्शनी भागावर, एका युनिटला हा दिवा किती वेळा लुकलुकतो, ती संख्या छापलेली असते. अनेक घरगुती मीटरांवर ती ३,२०० असते, काहींवर वेगळी असते, म्हणून प्रत्येकाने आपल्या मीटरवरची संख्या टिपून घ्यावी. एका मिनिटातील लुकलुक मोजावी, तिला ६० ने गुणावे, मीटरवरील संख्येने भागावे आणि आलेल्या उत्तराला १,००० ने गुणावे, म्हणजे त्या क्षणी घरात किती वॉट खर्च होत आहेत ते कळते. उदाहरणार्थ, ३,२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ वेळा दिवा लुकलुकला, तर घरात ३०० वॉट चालू आहेत. इतर सर्व बंद ठेवून केवळ ७५ वॉटचा जुना छतपंखा लावला, तर दिवा मिनिटाला ४ वेळा लुकलुकेल. गिझर लावताच ही संख्या शंभराच्या वर जाते आणि मोजणे अवघड होते. ही अडचण मुलांना स्वतः अनुभवू द्यावी, कारण गिझरची भूक सांगण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

याच पद्धतीने दोन छोट्या चाचण्या कराव्यात. पहिली रात्री निजण्यापूर्वीची : फ्रीजचे बटण तेवढे पाच मिनिटे बंद करावे, बाकी सर्व उपकरणे रिमोटने किंवा नेहमीप्रमाणे बंद असावीत आणि मग मीटर पाहावे. दिवा अजूनही लुकलुकत असेल, तर सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, वायफायचा डबा यांपैकी काहीतरी वीज घेत असते. एकेकाचे भिंतीवरील बटण बंद करत गेल्यास दोषी सापडतो. दुसरी चाचणी पंख्याच्या रेग्युलेटरची. जुना, मोठ्या पेटीचा रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करतो, पण वाचलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने वेग कमी केल्यास वापर खरोखर घटतो. आपल्या घरी कोणता आहे, हे मीटरच सांगेल.

आता वीजबिल वर्गात आणावे, मात्र नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून युनिट कसे आले, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार व वीज शुल्क असे भाग कोणते, हे मुलांनी शोधावे. घरगुती दराचे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. शंभराच्या वर एक युनिट गेले तर सगळेच बिल वाढीव दराने येते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात वाढीव दर शंभरानंतरच्या युनिटांनाच लागतो. यातून एक उपयोगी गोष्ट निघते : वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होते, म्हणून १५ युनिटांची बचत सरासरी दराने मोजली तर ती प्रत्यक्षाहून कमी दिसते.

उपायांची यादी छोटीच असावी. रोज १२ तास चालणारा ७५ वॉटचा पंखा महिन्याला २७ युनिट घेतो, तर सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी पंखा (कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) ११ च्या आत राहतो. घरातील सर्वाधिक चालणारा एकच पंखा आधी बदलावा. जुन्या ट्यूबलाइटऐवजी एलईडी पट्टी लावावी आणि नवीन उपकरण घेताना स्टार लेबल पाहावे. फ्रीज सतत चालू-बंद होत असल्याने त्याचा हिशेब वॉटवरून न करता लेबलवर छापलेल्या वार्षिक युनिटांवरून करावा. इंधनही यातच येते : डाळ-कडधान्य भिजवून शिजवणे, कुकरची शिटी झाल्यावर आच मंद करणे, भांड्यावर झाकण ठेवणे या गोष्टी आजीला आधीच ठाऊक असतात. म्हणून मुलांनी तिथे शिकवायला न जाता विचारायला जावे आणि तिचे उत्तर वहीत लिहून आणावे.

आकड्यांच्या तुलनेत मोठी चूक होण्याची शक्यता आहे आणि शिक्षकांनी ती टाळलीच पाहिजे. ऑक्टोबरच्या उकाड्यात चालणारे पंखे डिसेंबरच्या थंडीत बंदच असतात. त्यामुळे कोणी काहीही केले नाही तरी युनिट उतरतात आणि ते उपक्रमाचे यश वाटते. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. मागील वापर बिलावर छापलेला असतो. दोन बिलांमधील दिवस सारखे नसतील, तर युनिटांना दिवसांनी भागून रोजचा वापर काढावा. पाहुणे आले, घरात आजारपण होते, काही दिवस वीज नव्हती, अशा नोंदीही शेजारी हव्यात.

कोणत्याही कुटुंबाचा आकडा नावानिशी जाहीर करू नये. ज्या घरी एक दिवा आणि एक पंखा आहे, तिथे वाचवण्यासारखे काही नसते आणि तसे असणे हा त्या मुलाचा कमीपणा ठरता कामा नये. कोणी तारेवर आकडा टाकून वीज चोरते, हे शोधणे हेही मुलांचे काम नव्हे.

गावासमोर जाताना मुलांनी सार्वजनिक विजेवर बोट ठेवावे, कारण तिचा खर्च सर्वांचा आणि दोष एकट्या कोणाचा नसतो. आठवडाभर शाळेत येताना दिवसा जळणारे पथदिवे खांबानुसार मोजावेत. पाण्याची टाकी भरून वाहू लागल्यावर मोटर किती मिनिटांनी बंद होते, हे घड्याळ लावून टिपावे. १ अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण १ युनिट घेते, ५ अश्वशक्तीची त्याच्या चार-पाच पट. गळक्या नळातून वाहणारे पाणी विजेनेच वर चढवलेले असते, ही जोडणी लोकांना लगेच पटते. शहरातल्या मुलांनी हीच मोजणी सोसायटीचा जिना, पंप आणि वाहनतळावरचे दिवे यांची करावी.

ही माहिती एका तक्त्यावर मांडून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन मुलांनी पाच मिनिटांत सांगावी आणि शेवटी नेमकी एकच मागणी ठेवावी : पथदिवे सकाळी कोण बंद करणार, किंवा टाकी भरताच मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच कधी बसणार. ग्रामपंचायतीची परवानगी आधीच घ्यावी. मार्चमध्ये तेच खांब आणि तीच टाकी पुन्हा मोजून नोंद त्याच वहीत करावी, आणि जूनमध्ये ती वही वर आलेल्या नव्या वर्गाच्या हाती द्यावी.