माळावर झाड आणि गवत एकत्र वाढवताय? या चुका टाळा

"झाडाची मुळं खोल, गवताची वर. मग भांडण कशाला होतंय?" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, हातात कुदळ देतो.

हाइनरिश वाल्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या सवानाबद्दल, म्हणजे झाडं विखुरलेल्या गवताळ माळाबद्दल, हा विचार मांडला, पण तो पाण्याच्या वाटणीचा होता. नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) जास्त सापडतं वरच्या वीतभर मातीत, कारण पाला कुजतो तिथं, शेण पडतं तिथं. साहजिकच झाडाची अन्न ओढणारी बारीक मुळंही तिथंच शिरतात.

हातकणंगल्याकडं आमच्या एका पाहुण्यांनी माळावर सुबाभूळ खच्चून दाट लावली. फूटभर मातीखाली मुरूम. म्हटलं, "दाजी, ओळी लांब धरा." तर म्हणाले, "अवो, म्हशींना बारमाही वैरण हुतीया, तुम्ही बघाच." वैरण झाली, पण नुसती सुबाभळीची. ती एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घातली की तिच्यातलं मिमोसिन हे विष बाधतं. आणि ओळींमधलं पवना, मारवेल गवत पार विरळ झालं. चर मारला तर सुबाभळीची तपकिरी मुळं मुरमाला थटून आडवी पसरलेली, गवताच्या पांढुरक्या तंतूंत गुंतलेली. एकाआड एक ओळ काढल्यावर गवत हळूहळू सावरलं. लावायच्या आधी खड्डा घेऊन माती किती खोल ते बघायला अर्धा दिवस लागतो, पण तेवढा दम कुणाला आहे?

दुसरी आवडती समजूत म्हणजे शेंगा आल्या की झाड नत्र देणारच. चिंच, बहावा, गुलमोहर, आपटा या सगळ्यांना शेंगा येतात, पण मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नाहीत. बाभूळ, खैर, गिरिपुष्प यांना असतात. मी ऐन पावसाळ्यात एखादं रोप अलगद उपटून गाठ नखानं फोडतो. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू, हिरवट-करडी असली तर बंद. आणि चालू असली तरी नत्र आधी झाडाचं. गवताच्या वाट्याला ते मुख्यतः पाला पडून कुजल्यावरच येतं. हे ठाऊक असूनही लोक झाडाखाली खराटा मारून पाला पेटवतात!

माळ पेटवला तर बरंचसं नत्र धुरात जातं. उरलेली राख उताराच्या रानात पहिला वळीव धुऊन नेतो.

रोपाला युरिया टाकलात तर आधी गवतच माजतं. भोवतीचं हातभर गवत काढा, मग बोला.

माती तपासणीला झाडाखालची आणि उघड्या माळावरची माती एकत्र करू नका. सावलीला गुरं बसतात, पाखरं विष्ठा टाकतात, तिथली माती सरस असायचीच. केनियातल्या त्सावोमध्ये छत्रीसारख्या बाभळी आणि गोरखचिंच यांच्याखाली उघड्यापेक्षा जास्त गवत मोजलं गेलंय. मी तीन वेगळ्या पिशव्या भरतो: बुंध्याजवळची, फांद्यांच्या टोकाखालची आणि बाहेरची. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची. ओल्या मातीत पेनाची शाई फुटते.