जुन्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी युनिव्हर्सल इंटरफेस बनवताय? या चुका टाळा

आधी राइट गेट, म्हणजे ड्राइव्हला लिहायचा हुकूम देणारी लाइन, कारण या एका चुकीपायी मी चांगल्या डिस्क मेलेल्या बघितल्यात. 34 पिनांच्या शुगार्ट कनेक्टरवर (जुन्या ड्राइव्हचा नेहमीचा कनेक्टर) 24 नंबरची पिन, ती लो (शून्य व्होल्टजवळ) झाली की ड्राइव्ह लिहायला लागतो. पिको (रास्पबेरी पाय पिको, छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि ड्राइव्हच्या मधे 7438 ही टीटीएल लॉजिक चिप टाकतात ते बरोबरच आहे, पण फर्मवेअर सुरू होईपर्यंत पिकोच्या पिना मोकळ्या असतात, टीटीएलला मोकळं इनपुट म्हणजे हाय, आणि 7438 नॅन्ड (दोन्ही इनपुट हाय तर आउटपुट लो) असल्याने आउटपुट लो, म्हणजे राइट गेट चालू! ड्राइव्ह निवडणाऱ्या सिलेक्ट आणि मोटर फिरवणाऱ्या लाइनीचंही तेच. पिकोच्या आतला पुलडाउन (पिन लोकडे ओढणारा रेझिस्टर) इथे पुरत नाही, तो फारच कमजोर आहे.

मित्राच्या वडिलांची जुनी पत्रं 360 केच्या फ्लॉपीवर होती. मी फर्मवेअर टाकायला पिकोवरचं बूटसेल बटण दाबून यूएसबी लावली, डिस्क आतच होती, आणि ड्राइव्हचा दिवा लागला. केबल उपटेपर्यंत दोनेक सेकंद गेले असतील. 300 आरपीएमला एक फेरा 200 मिलीसेकंदाचा, म्हणजे दहा फेरे. हेड शून्य ट्रॅकवर होतं, फाइलच्या यादीचा एक भाग गेला. काकांना फोन केला, ते नुसतं "बरं" म्हणाले, मला अजून आठवतं.

तेव्हापासून राइट गेटच्या इनपुटला 470 ओमचा रेझिस्टर ग्राउंडला लावतो, आणि त्या नॅन्डचं दुसरं इनपुट एका टॉगल स्विचने ग्राउंडला बांधून ठेवतो. फर्मवेअरमधे बंद केलंय म्हणून स्विच नको म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, आधी स्विच लावा मग बोला. डिस्क नेहमी पॉवर दिल्यानंतरच टाका. सव्वापाच इंची डिस्कच्या कडेच्या खाचेवर स्टिकर लावला की लिहिणं बंद, आठ इंचीला बरोबर उलटं, तिथे स्टिकर लावला की लिहिणं चालू!

पिकोच्या पिना (जीपीआयओ) थेट ड्राइव्हला जोडू नका. जुन्या ड्राइव्हमधे 150 ओमचा टर्मिनेटर (लाइन 5 व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) असतो, लाइन लो करायला 33 मिलीअँप ओढावे लागतात.

ड्राइव्हकडून येणाऱ्या लाइनी ओपन कलेक्टर असतात (फक्त लो करू शकतात, हाय नाही), म्हणून पुलअप (हायकडे ओढणारा रेझिस्टर) आपल्या बाजूला लागतो, आणि तो 5 व्होल्टला बांधलात तर पिकोच्या आधी लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज कमी करणारी चिप) हवाच.

युनिव्हर्सल म्हणजे एक केबल सगळीकडे, असं नाही. ॲपलच्या डिस्क टूला ट्रॅक झिरोचा सेन्सरच नाही, हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे फेज आपणच हलवायचे. कमोडोर 1541 मधे तर स्वतःचा 6502 प्रोसेसर बसलाय, त्याच्याशी सीरियल बसवरून बोलावं लागतं.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरलेली डिस्क तशीच घालू नका. ती बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली डिस्क खरवडते. मी आधी डिस्क उजेडात धरून कव्हरमधल्या हेडच्या खिडकीतून हळूहळू फिरवून बघतो, आणि प्रत्येक संशयित डिस्कनंतर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हेड पुसतो, मग कितीही घाई असो.