चकलीची मोठी ऑर्डर घेण्याआधी

"ताई, एक कंपनी दोनशे किलो चकली मागतेय, पण भाव पाडून. घेऊ का?" दिवाळी जवळ आली की हा प्रश्न ठरलेला. सांगलीत छोट्या धंदेवाल्यांच्या वह्या बघते मी. हो-नाही नंतर, आधी वही आणा म्हणते.

वहीत पहिल्यांदा मशीन शोधते. 72,000 चं मशीन बऱ्याचजणी त्याच महिन्याच्या खर्चात टाकतात आणि तोटा झाला म्हणून हळहळतात. मशीन ही मालमत्ता. चार वर्षं चालेल असं धरा, म्हणजे महिन्याला 1,500 रुपये घसारा. खर्चात जातो तो एवढाच. स्वतःचा पगार मात्र लिहायचाच. तेवढ्या वेळात दुसरीकडे कामाला गेला असता तर मिळाले असते ते पैसे इथे सोडलेत ना? "घरचंच काम, पगार कसला" हे मला ऐकवत नाही.

समजा महिन्याचं भाडं 6,000, तुमचा पगार 12,000, घसारा 1,500. हा 19,500 चा स्थिर खर्च, एक चकली तळली नाही तरी बसणारा. भाजणी, तेल, गॅस, पॅकिंग आणि मदतनिसाची किलोवर मजुरी मिळून किलोला 210. दुकानदाराला 360 ने देता, म्हणजे किलोमागे 150 उरतात. 19,500 भागिले 150, म्हणजे 130 किलो विकेपर्यंत ना नफा ना तोटा.

कंपनी म्हणते 280. तुमचा नेहमीचा खप 150 किलो असेल, तर स्थिर खर्च वाटून किलो पडतो 340 ला. घरातले लगेच म्हणणार, साठ रुपये तोट्यात कशाला द्यायचं? पण भाडं तर भरलेलंच आहे. जादा किलोला लागतात 210च, म्हणजे 70 सुटतात, दोनशे किलोला 14,000. घ्या ऑर्डर! फक्त नेहमीचं गिऱ्हाईक त्यापायी उपाशी राहता कामा नये, कारण तिथला हुकलेला प्रत्येक किलो 150 घेऊन जातो. पाकीटही वेगळं करा, नाहीतर दुकानदार उद्या 280 च मागेल. आणि सगळाच माल त्या भावाने विकायचा तर खर्च भरून यायलाच 279 किलो लागतील.

हा नफा सध्या कागदावर. आधी खिशातून 42,000 जाणार, तेलवाला थांबत नाही. चाळीस टक्के आगाऊ मिळाले तर 22,400 हातात येतात, उरलेल्या 19,600 ची सोय तुम्हीच करायची. म्हणून घासाघीस भावाइतकीच आगाऊ रकमेवर करा.

आता बोली. 1872 च्या भारतीय करार कायद्यात तोंडी करारही चालतो, पण उद्या सिद्ध कसा करणार? व्हॉट्सअॅपवर टाका : "चकली 200 किलो, अर्ध्या किलोची पाकिटं, किलोला 280, 15 ऑक्टोबरपर्यंत तुमच्या गेटवर पोच. 40 टक्के आगाऊ, बाकी माल मिळाल्यापासून 30 दिवसांत. मान्य असल्यास कळवा." तिकडून "मान्य, पण 260 ने" आलं तर ती मान्यता नव्हे, नवा प्रस्ताव आहे. तुम्ही होकार देईपर्यंत करार नाही, तेव्हा कढई चढवू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑर्डरच्या आधीच करून ठेवा, फुकट होते. ती असली की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी मुदत कितीही घातली तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेट नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पहिल्या आठवणीच्या पत्रातच हे लिहावं, भांडण न करता.

जुनी उधारी असेल तर दर मार्चला "इतके येणे बाकी" असं लिहून समोरच्याची सही घ्या. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा साधारण तीन वर्षांतच लावता येतो. ती संपण्याआधी अशी सही मिळाली, तर मुदत सहीच्या तारखेपासून पुन्हा मोजतात.