वेशीवरचा वीरगळ सरकारदरबारी कसा नोंदवावा

आमच्या ओढ्यावर धुण्याचा एक दगड होता. लांबट, कमरेएवढा, वरून झिजून गुळगुळीत झालेला. माझ्या सासूबाईही त्यावर धुणं आपटायच्या. 2016 च्या पावसाळ्यात ओढ्याला मोठं पाणी आलं आणि पालथा पडलेला तो दगड उलटला. पाणी ओसरल्यावर शाळेतली मुलं धावत सांगायला आली, "बाई, दगडावर माणसं आहेत."

मी जाऊन पाहिलं. एकावर एक तीन चौकटी होत्या. सगळ्यात खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला एक जण आणि त्याच्या मागं दाटीवाटीनं उभ्या गाई. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेत होत्या. वरच्या चौकटीत तोच माणूस पिंडीसमोर हात जोडून बसलेला. शेंड्याला कलश, दोन्ही बाजूंना चंद्र आणि सूर्य. कोरीव अंग इतकी वर्षं मातीत होतं, म्हणून त्या माणसाच्या कानातलं कुंडलसुद्धा शाबूत होतं. गावाची जनावरं वाचवताना तो मेला आणि गावानं त्याच्यासाठी दगड उभा केला. अशा वीराच्या आठवणीच्या दगडाला वीरगळ म्हणतात. त्याचं नाव आज गावात कुणालाच सांगता येत नाही, पण चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची आठवण राहावी, असं कोरणाऱ्यानं दगडावर लिहूनच ठेवलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. त्या दिवसापासून आजवर आमच्या शिवारातले 11 वीरगळ आणि 2 सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बायकांच्या आठवणीचे दगड, आम्ही नोंदवले. बाहेरगावचे लोक विचारतात, तुम्ही नेमकं केलं काय? म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सरकारला दगड दिसत नाही, कागद दिसतो. देशभरात केंद्र सरकारची राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित स्मारकं सुमारे 3,700 आहेत. ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळतं, 1958 च्या कायद्याखाली. राज्य संरक्षित स्मारकं वेगळी. ती महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्याखाली येतात आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय त्यांची देखभाल करतं. महाराष्ट्रात गावं 40,000 च्या वर, आणि वेशीवर, मारुतीच्या पारावर, महादेवाच्या आवारात एखादा तरी कोरीव दगड नाही असं गाव आमच्या भागात तरी सापडणं कठीण. म्हणजे बहुतेक दगड कुठल्याच यादीत नाहीत. यादीत नसलेला दगड रस्त्याच्या कामात खडी म्हणून गेला तर जाब विचारायला तुमच्या हातात काही नसतं. आमचा एक वीरगळ असाच गेला. रस्ता रुंद करताना यंत्रानं त्याचे दोन तुकडे केले. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा समोरच्यानं एकच विचारलं, "नोंद कुठंय?" माझ्याकडे त्या दगडाचा एक फोटोसुद्धा नव्हता. ते दोन तुकडे आम्ही शाळेच्या भिंतीशी आणून ठेवलेत. त्यांच्याकडे पाहिलं की अजून पोटात तुटतं.

म्हणून सुरुवात फोटोपासून करा, अर्जापासून नको.

कोरीव काम भर दुपारी टिपू नका. ऊन डोक्यावर असलं की चौकटी सपाट दिसतात आणि झिजलेलं कोरीव काम हरवतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. त्याहून चांगलं म्हणजे अंधार पडल्यावर दोघांनी जायचं. एकानं टॉर्च दगडाच्या कडेला, अगदी चिकटून, आडवी धरायची, दुसऱ्यानं समोरून फोटो काढायचा. आमच्या आठव्या क्रमांकाच्या दगडावर दिवसा काहीच दिसत नव्हतं. टॉर्च डावीकडून आडवी धरली आणि अख्खा घोडा उभा राहिला, लगामासकट. टॉर्च उजवीकडे नेली तेव्हा खालच्या पट्टीवर अक्षरांसारख्या खुणाही उमटल्या. प्रत्येक बाजूनं उजेड टाकून वेगळा फोटो घ्या.

दगडाला शाळेची फूटपट्टी टेकवून एक फोटो घ्या म्हणजे माप कळतं. एक फोटो लांबून घ्या, ज्यात देऊळ, झाड, विहीर अशी कायमची खूण दिसेल. मग वहीत लिहा: उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, किती चौकटी, प्रत्येकीत काय, कुठं फुटलंय, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, आणि गावातले लोक त्या दगडाला काय म्हणतात. शेवटचा रकाना गाळू नका. कुणी त्याला म्हसोबा म्हणतं, कुणी वेताळ, कुणी नुसतं 'बाबा' म्हणून नारळ फोडतं. तीही त्या दगडाच्या इतिहासातलीच नोंद आहे.

काय पाहताय हे ओळखता आलं पाहिजे. गाई दिसल्या तर गोधन राखताना आलेलं मरण समजावं. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर तर जहाजांची लढाई कोरलीय. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. आणि गाढव व स्त्रीचं लाज वाटावी असं शिल्प दिसलं तर ओशाळून दगड उलटा करू नका. तो गधेगाळ आहे. दिलेलं दान जो मोडेल त्याला दिलेला तो शाप असतो, आणि त्याच्यावर बऱ्याचदा लेख असतो. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो, तो गधेगाळावरच आहे.

अक्षरं सापडली की हात आवरा. खडू, पीठ, तेल, कोळसा यांतलं काही चोळायचं नाही. मऊ कुंचला आणि साधं पाणी, एवढंच. ठसे घेणं जाणकारांवर सोडा. दगड किती खोल गेलाय ते पाहायला खणायचंही नाही. खणताना काही मोलाचं निघालं तर 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा लागतो, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

फोटोवर मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातून परत आला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्याचे जुने फोटो होते, त्यांवरून मूर्ती ओळखता आली. ज्याचा फोटो नाही ते आपलं होतं हे सिद्ध कशानं करणार?

आता जमीन. प्रत्येक दगड कुठल्या गटात आहे ते तलाठ्याकडून काढा आणि सातबारा जोडा. गावठाणातला असेल तर ग्रामपंचायतीचा उतारा. दगड खाजगी शेतात असेल तर अर्जाच्या आधी मालकाच्या घरी जा, चहा घ्या आणि सगळं समजावून सांगा. आमच्याकडे एका शेतकरी दादांना वाटलं, सरकार जमीन घेणार. त्यांच्या बांधावर दोन वीरगळ होते. माझ्या तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी ते स्वतःच म्हणाले, "बाई, माझा आजा दसऱ्याला इथं सोनं वाहायचा, लिहा की." त्यांची लेखी संमती प्रस्तावातला सगळ्यात भारी कागद ठरला.

दुसरी भीती घरांची असते. स्मारक झालं की शंभर मीटरमध्ये वीटही लावता येत नाही, असं लोक म्हणतात. ती अट केंद्रीय कायद्यातली आहे, 2010 च्या दुरुस्तीनं आलेली. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तुमचा दगड राज्याकडे जाणार असेल तर त्याच्याभोवती नेमकं काय लागू होईल, हे संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या सहायक संचालकांकडून लेखी मागवा आणि ते उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा. तोंडी आश्वासनावर गावाला बोलावू नका. एकदा शंका बसली की पुढच्या दहा सभा त्यातच जातात.

ग्रामसभेच्या आठ-दहा दिवस आधी विषय लेखी द्या म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. आयत्या वेळच्या विषयात घुसवलेला ठराव कुणी गंभीरपणे घेत नाही. आमच्या ठरावाचा मजकूर असा होता, हवा तसा बदलून घ्या:

"सोबतच्या यादीत व छायाचित्रांत दर्शविलेले 11 वीरगळ व 2 सतीशिळा हा गावाचा प्राचीन ठेवा असून ते आहेत त्याच जागी जतन करण्यात यावेत. महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, 1960 अन्वये ते राज्य संरक्षित घोषित करण्याच्या दृष्टीने संचालनालयाने पाहणी करावी, अशी ही ग्रामसभा विनंती करते. तोपर्यंत ते हलविणे, रंगविणे, फोडणे अथवा बांधकामात वापरणे यास ग्रामसभेची मनाई राहील."

सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक, तारीख, सही-शिक्का. शेवटच्या वाक्यावर भांडा, ते वगळू देऊ नका. संरक्षित व्हायला वर्षं लागतात, ते वाक्य मात्र त्याच दिवसापासून कामाला येतं. आमच्याकडे नळयोजनेचा चर खोदायची आखणी नेमकी सहाव्या दगडावरून गेली होती. मी ठरावाची प्रत अभियंत्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, दगड पाहिला आणि चर सहा फूट बाजूनं नेला. ना वाद, ना मोर्चा.

मग ठराव, यादी, फोटो, उतारे आणि संमतीपत्रं एकत्र बांधून तीन प्रती करा: संचालनालयाला, विभागाच्या सहायक संचालकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. चौथी प्रत तुमची, तिच्यावर पोच घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. दोन-तीन महिने काहीच हललं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून प्रस्तावाची सद्यःस्थिती विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडणाच्या सुरात लिहू नका. त्या कार्यालयांत माणसं थोडी आणि स्मारकं फार, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे पाहणीला आलेले अधिकारी उन्हात तीन तास बसून मापं घेत होते, आणि माझी वही पाहून म्हणाले की निम्मं काम झालंय.

पाहणी अनुकूल झाली तर राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत स्मारकापाशी लावतात आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. त्यानंतर अंतिम अधिसूचना. आमचा प्रस्ताव अजून अधिसूचनेच्या आधीच्या टप्प्यावर आहे.

या मधल्या काळात दगडांना धोका असतो तो प्रेमाचा. जीर्णोद्धार निघाला की उत्साहात ऑइलपेंट लागतो, शेंदराचे थर चढतात, दगड उपटून सिमेंटच्या चौथऱ्यात चिणले जातात. रंगानं बारीक कोरीव काम बुजतं. सिमेंटमुळे पायथ्याशी ओल कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. पूजा थांबवा असं मी कधीच म्हणणार नाही, पूजेमुळेच तर हे दगड टिकले. मी मंडळाच्या पोरांना एवढंच सांगितलं की शेंदूर समोर ठेवलेल्या गोट्याला लावा, वीरगळाला फुलं वाहा. त्यांनी ऐकलं.

ओढ्यावरचा पहिला दगड आम्ही तिथंच, पाण्याच्या वरच्या अंगाला उभा केला. तो हलवला हे ठरावात तारखेसह लिहिलंय, जुन्या जागेच्या फोटोसकट, कारण पुरानं उलटलेला दगड तसाच ठेवला असता तर पुढच्या पुरात वाहून गेला असता. त्या सभेत एक आजी उठून म्हणाल्या, "समदं खरं बाई, पण आमी धुणं कुठं धुवायचं?" सगळी सभा गप्प झाली. आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. त्याच ठरावात एक ओळ वाढवली: ओढ्यावर धुण्यासाठी ग्रामनिधीतून घडीव दगडाची नवी फरशी बसवावी. पुढच्या महिन्यात ती बसली, आणि पहिलं धुणं आजींनी धुतलं. तुमचा दगडही कुणाच्या तरी रोजच्या वापरात असेल. ठराव लिहायच्या आधी त्यांना विचारून या.