व्हिक्टोरियन कादंबरीतली मुलं वाचायची कशी

चार्ल्स डिकन्स किंवा शार्लट ब्रॉन्टे या इंग्रज कादंबरीकारांचं काही वाचायला घेतलं की पहिल्या पन्नास पानांतच आपण "अरेरे, बिचारं पोर" म्हणून मोकळे होतो आणि मग पुढे नुसतं रडगाणं वाटायला लागतं, माझंही कॉलेजात तेच झालं होतं. पण ही पुस्तकं रडवायला लिहिलेली नाहीत हो, राणी व्हिक्टोरियाच्या त्या काळात, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात, मूल म्हणजे नेमकं काय यावर घराघरात जे भांडण चालू होतं ते त्यात आहे.

तर पहिलं काम, पेन्सिल घ्या आणि पहिल्या पानावर मुलाचं वय आणि पुस्तकाचं साल लिहा. शेजारी तिथल्या कायद्यांची सालं मांडा. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली, त्याहून मोठ्यांना १३ वर्षांपर्यंत दिवसाला ९ तास, म्हणजे ही सुधारणा बरं का! १० वर्षांखालच्या पोरांना खाणीत उतरवायचं बंद झालं १८४२ ला, शाळा सक्तीची झाली १८८० ला आणि तीही १० वर्षांपर्यंतच. गुराढोरांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा १८२२ चा आहे, मुलांना छळू नये म्हणून वेगळा कायदा यायला १८८९ उजाडलं. डिकन्सच्या कादंबरीतला डेव्हिड कॉपरफील्ड १० व्या वर्षी गोदामात बाटल्या धुतो ते हे डोक्यात ठेवून वाचा, कायदे गिरण्यांचे नि खाणींचे, गोदामातल्या त्याच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. डिकन्स स्वतः १२ वर्षांचा असताना बाप कर्जापायी तुरुंगात आणि हा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता, बाप सुटल्यावरही आईला वाटत होतं की पोराने कामावर परत जावं, ते त्याला जन्मभर विसरता आलं नाही.

दुसरं, मोठी माणसं मुलाला काय प्रश्न विचारतात ते बघा. माझ्या मते खरी किल्ली इथे आहे. एका बाजूला कडक धार्मिक लोक, त्यांच्या हिशेबाने मूल जन्मतःच पापी, त्याची इच्छाच मोडून काढायची. दुसरीकडे मूल निष्पाप, निसर्गाचं लेकरू असं मानणारे. शार्लट ब्रॉन्टेच्या जेन एअरमध्ये धर्मादाय शाळा चालवणारा पाद्री ब्रॉकलहर्स्ट १० वर्षांच्या अनाथ जेनला विचारतो, नरकात जायचं नसेल तर काय करशील? ती म्हणते, तब्येत सांभाळीन आणि मरणार नाही. हे उत्तर दोनदा वाचा, पोरीने त्याचं सगळं धर्मशास्त्र एका वाक्यात झोपवलंय. पुढे तोच माणूस आपल्या शाळेतल्या एका मुलीचे जन्मतः कुरळे असलेले केस कापायला लावतो आणि तेवढ्यात त्याची बायको नि मुली रेशीम-मखमल घालून, केस कुरळे करून आत येतात. लेखिका एवढंच म्हणते की कपड्यांवरचं त्याचं भाषण ऐकायला त्या जरा आधी यायला हव्या होत्या. शार्लटच्या दोन थोरल्या बहिणी अशाच एका शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ मध्ये गेल्या, मोठी ११ ची, दुसरी १० ची.

छडी, कोंडून ठेवणं वगैरे जागोजागी सापडेल, त्यावर फार थांबू नका, फक्त मारणारं माणूस त्याला काय नाव देतं ते टिपा. डिकन्सच्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्समध्ये अनाथ पिपला त्याची मोठी बहीण सांभाळते, ती त्याला "हाताने वाढवला" असं गावभर सांगत फिरते, खरा अर्थ अंगावर न पाजता वरच्या दुधावर वाढवला असा, पण पिपला वाटतं हात म्हणजे मारायचाच हात.

आणि शेवटी थडगी मोजा, खरंच मोजा. त्याच कादंबरीच्या पहिल्याच पानावर पिप आईबापाच्या थडग्याशी उभा आहे, शेजारी त्याच्या पाच भावांचे दीड-दीड फुटाचे दगड ओळीने, आणि त्या दगडांवरून त्याने ठरवून टाकलंय की हे पाचही जण पाठीवर झोपून, चड्डीच्या खिशात हात घालूनच जन्माला आले असणार आणि त्यांनी ते कधी बाहेर काढलेच नसणार.